गुलाबी पाकीट आणि बिनशिंगी हरीण

(दृश्य : उजाडायच्या आधीची वेळ. शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानाबाहेर माणसांची रांग. काहींनी घडीच्या खुर्च्या आणल्यात.)

२६ जून २०२३. सोमवार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सकाळी सकाळीच दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या. घरी कॉम्प्युटरसमोर बसले होते तेही रांगेतच होते. तुमच्या पुढे एवढे हजार लोक आहेत, थांबा, असं त्यांना पडदा सांगत होता. बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम यायला अजून पाच महिने होते. मग जूनमध्येच ही धावपळ कशासाठी? सात डॉलरलाही तीन सेंट कमी, अशा एका परवान्यासाठी. शिंगं नसलेलं हरीण मारायचा परवाना.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हटलं की आधी गुन्हाच डोळ्यांपुढे येतो. पेनसिल्व्हेनियात पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं मुख्य साधनच शिकारी आहेत. सरकारी साधन म्हणा हवं तर.

तिथलं साधं शिकारीचं लायसन्स काढलं की त्यात शिंगवाला एक नर मारायची मुभा मिळते. मादीसाठी वेगळा परवाना लागतो. कायद्यात व्याख्या अगदी नेमकी आहे : शिंगं नाहीत, किंवा दोन्ही शिंगं तीन इंचांहून आखूड आहेत, ते हरीण बिनशिंगी. म्हणजे यात माद्या आल्या, पाडसं आली, आणि डोक्यावर नुसती बटणं फुटलेली वर्षाच्या आतली नर पिल्लंही आली.

एवढा काटेकोरपणा मादीसाठीच का? कारण एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो. नर निम्मे झाले तरी पुढच्या उन्हाळ्यात पाडसं जवळजवळ तेवढीच जन्मतात, आणि चांगलं खाल्लेल्या मादीला जुळी होणं नेहमीचंच. कळप वाढणार की घटणार, हे माद्यांवर ठरतं.

(दृश्य : खाटकाच्या शेडमध्ये ओळीने ठेवलेली हरणांची डोकी. हातमोजे घातलेला माणूस एकेक जबडा उघडून टॉर्च मारतोय.)

जंगलातली हरणं कोणी मोजू शकत नाही. राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकारीचं सरकारी खातं, उलट्या बाजूने हिशेब करतं. हंगामात त्यांची माणसं मांस कापून देणाऱ्या दुकानांमधून फिरतात आणि जबडे तपासतात. पुढून तिसरी दाढ तीन उंचवट्यांची असेल तर ती दुधाची, म्हणजे हरीण फार तर दीड वर्षाचं. तिच्या जागी दोन उंचवट्यांची नवी दाढ आली असेल, तर दाढा किती झिजल्या ते बघायचं. मारलेल्या हरणाच्या कानाला शिकाऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते : तारीख, ठिकाण, नर की मादी. हीच शिकार त्याने दहा दिवसांत कमिशनला कळवायची असते. बरेच जण कळवतच नाहीत. मग कानातली चिठ्ठी आणि आलेली नोंद ताडून पाहायची, शंभरातले किती जण कळवतात ते काढायचं, आणि त्यावरून खरा आकडा बांधायचा. माणसांच्या आळसाचाही हिशेबात भाव धरलेला आहे, हे मला फार आवडलं.

राज्याचे वीसपेक्षा जास्त विभाग पाडलेले आहेत. प्रत्येक विभागात जंगलाची नवी रोपं वर येतायत का, हेही पाहतात. हरणं जास्त झाली की कोवळा पाला शिल्लकच राहत नाही. मग प्रश्न येतो, यंदा इथे किती माद्या कमी व्हायला हव्यात? समजा, एक हजार. पण परवाना घेतलेल्या प्रत्येकाला हरीण मिळतंच असं नाही. साधारण चार परवान्यांमागे एक हरीण पडतं. म्हणजे हजार हरणांसाठी परवाने चार हजारांच्या आसपास काढायचे. एप्रिलच्या बैठकीत कमिशनचं मंडळ प्रत्येक विभागाचा आकडा मंजूर करतं. २०२३च्या हंगामासाठी सगळे मिळून हे परवाने होते १० लाख ९५ हजार.

आकडा ठरतो तो असा. वाटप ही त्याहून भांडकुदळ गोष्ट.

(दृश्य : जुनं गुलाबी पाकीट. त्यावर टपालाची तिकिटं.)

कित्येक वर्षं हे परवाने काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, खजिनदार द्यायचे, आणि तेही टपालाने. ठरलेलं गुलाबी पाकीट. आत अर्ज, चेक, आणि परवाना परत पाठवण्यासाठी आपलाच पत्ता घातलेलं दुसरं पाकीट. कोणता विभाग हवा ते पसंतीच्या क्रमाने लिहायचं. पाकीट ठरलेल्या दिवसाच्या आधी पोचलं तर बाद, उशिरा पोचलं तर विभाग संपलेला. त्यामुळे कोणत्या गावच्या पोस्टातून कोणत्या दिवशी टाकलं म्हणजे सोमवारी सकाळीच पोचेल, याचे प्रत्येकाचे आडाखे असत. एखादी सही राहिली की सगळं मुसळ केरात.

२०२२च्या शेवटी कायदा बदलला आणि पुढच्या जूनपासून परवाने ऑनलाइन आणि दुकानांतून मिळू लागले. रांगेमागचं कारण हे. दुकानातलं मशीन आणि घरचा कॉम्प्युटर, दोन्ही एकाच यंत्रणेला जोडलेले. ती रेंगाळली की सगळेच खोळंबले. पाकिटाला लोक वर्षानुवर्षं नावं ठेवत होते. त्या दिवशी बऱ्याच जणांना त्याची आठवण आली.

२०२३ला परवाने टप्प्याटप्प्याने निघाले. पहिला टप्पा राज्यातल्या रहिवाशांचा, मग बाहेरच्यांचा. पहिल्या फेरीत माणशी एकच. उरले तर दुसरी फेरी, तिसरी फेरी, आणि त्यानंतरही उरले तर एकाला अनेक. जो आधी येईल त्याला. अमेरिकेतल्याच मेन नावाच्या राज्यात याऐवजी चक्क सोडत काढतात आणि शिकारीसाठी जमीन खुली ठेवणाऱ्या मालकांसाठी काही वाटा राखतात. मला विचाराल तर सोडत बरी. सोमवारी सकाळी कामावर असलेल्या माणसाचा नंबर तिथे तरी मागे पडत नाही.

पण पेनसिल्व्हेनियात मादीवरून भांडण परवान्यांच्याही आधीपासूनचं आहे. एकोणिसावं शतक सरताना तिथली हरणं जवळपास संपली होती. १९०६पासून बाहेरून हरणं आणून सोडली, १९०७ला मादी मारायला बंदी आली. बापाने पोराला शिकवलं, मादीवर बंदूक रोखायची नाही. हरणं इतकी वाढली की १९२८ला नरांना सूट देऊन फक्त बिनशिंगी हरणांचा हंगाम काढावा लागला आणि शिकारीच खवळले. २०००च्या सुमाराला गॅरी ऑल्ट या जीवशास्त्रज्ञाकडे हरणांचं खातं आलं. माद्या जास्त मारा, कोवळे नर सोडा, हे सांगत ते गावोगाव सभा घेत होते. धमक्या आल्या, काही सभांना ते बुलेटप्रूफ जाकीट घालून गेले. २००४ला त्यांनी नोकरी सोडली. उत्तरेकडच्या मोठ्या जंगलांतले जुने शिकारी आजही म्हणतात, परवाने फार काढले, जंगल रिकामं केलं.

(दृश्य : उपनगरातली हिरवळ. कुंपणालगत तीन माद्या चरतायत.)

पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फियाच्या उपनगरांत नेमकं उलटं आहे. तिथे राहणाऱ्या मराठी घरांनाही हे नवीन नाही : अंगणात भाजी लावायची, तर आधी उंच जाळी. या भागांसाठी परवाने भरपूर निघतात, पण त्यांच्यावर उत्तरेसारखी झुंबड नसते. कारण घराला घर लागून. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत बंदूक चालवता येत नाही. धनुष्यबाणाला ५० यार्ड चालतात. त्यात जमीन खाजगी. मालक हो म्हणाला तरच आत पाय. म्हणून इथला शिकारी परवाना खिशात ठेवून, सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, एकेका दाराची बेल वाजवत फिरतो.