पॅरिसचे सहा चौथे

श्रोतेहो, नमस्कार.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे ११७ खेळाडू उतरले आणि सहा पदकं मिळाली, एक रौप्य आणि पाच कांस्य. पदकतक्त्यात आपण ७१वे आणि एकच पदक मिळवलेला पाकिस्तान ६२वा. याचं कारण साधं आहे. तक्ता आधी सुवर्णपदकं मोजतो. भालाफेकीत अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर टाकला, आपल्या नीरज चोप्रानं ८९.४५. तिथलं ते एक सोनं आपल्या सहा पदकांना भारी पडलं.

आज मात्र बोलायचंय ते दुसऱ्या सहांबद्दल. पॅरिसमध्ये भारत सहा वेळा चौथा आला. ‘नशीब’ म्हणून आपण विषय मिटवतो, पण प्रत्येक वेळी नेमकं काहीतरी घडलेलं असतं.

आधी, जो चौथा आला नाही त्याच्याकडे पाहू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. आधी गुडघ्यावर, मग पालथं पडून, शेवटी उभ्यानं गोळ्या झाडायच्या. लक्ष्याचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे बोराच्या बीएवढं, आणि तेही ५० मीटरवर. पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीत २० गोळ्या असतात आणि दशांश धरत नाहीत. स्वप्नीलनं ६०० पैकी ५९० केले नि सातवा आला. त्याच फेरीत ऐश्वर्य प्रताप सिंग तोमरचे ५८९ झाले, तो अकरावा. अंतिम फेरीत आठच जण जातात.

अंतिम फेरीत दशांश सुरू होतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. गुडघ्यावरच्या १५ गोळ्यांत स्वप्नीलचे १५३.३, पालथ्या स्थितीनंतर एकूण ३१०.१. या दोन स्थितींत दंडाला बांधलेला पट्टा रायफल धरून ठेवतो. उभं राहिल्यावर पट्टा चालत नाही. मग कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, भार सांगाड्यावर सोडायचा आणि जाड जॅकेटच्या ताठपणाची मदत घ्यायची. वर-खाली होणारा श्वास आणि छातीतली धडधड थेट नळीच्या टोकाला पोहोचते. सामना इथंच फिरतो. उभ्यानं दहा गोळ्या झाल्यावर शेवटचे दोघं बाहेर, मग प्रत्येक गोळीला एक जण बाहेर. ४० गोळ्यांनंतर स्वप्नील ४११.६ वर होता. पुढच्या गोळ्या १०.५, ९.४, ९.९ आणि १०.०. त्या ९.४ नं काळजाचा ठोका चुकला, पण तिसरा क्रमांक टिकला. एकूण ४५१.४. युक्रेनच्या रौप्यविजेत्याचे ४६१.३ पाहून अंतर मोठं वाटतं. खरं म्हणजे त्यानं ४५ गोळ्या झाडल्या, स्वप्नीलनं ४४. ९.९ चा हा फरक जवळपास त्या एका जादा गोळीचाच आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षं लागली.

याच नेमबाजीत तीन चौथे आहेत. दहा मीटर एअर रायफलमध्ये अर्जुन बबुताची विसावी गोळी ९.५ गेली आणि तो बाहेर पडला. मनू भाकर दोन कांस्यं घेऊन २५ मीटर पिस्तुलला उतरली आणि कांस्यासाठीच्या शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा गोळ्यांत, हरली. मिश्र स्कीटमध्ये, म्हणजे उडत्या तबकड्या फोडायच्या जोडीच्या स्पर्धेत, माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका ४३ विरुद्ध ४४ असे हरले, म्हणजे एक तबकडी कमी फुटली. तिरंदाजीची मिश्र जोडी आणि बॅडमिंटनचा लक्ष्य सेन हे उरलेल्यांतले दोन. लक्ष्यचा पहिला गेम तर २१-१३ असा हातात होता.

सहावी वेटलिफ्टर मीराबाई चानू. हिचं गणित जरा समजून घ्या. स्नॅचमध्ये, म्हणजे एका दमात डोक्यावर उचलण्यात, ८८ किलो. क्लीन अँड जर्कच्या, म्हणजे आधी खांद्यावर घेऊन मग डोक्यावर उचलायच्या, पहिल्या प्रयत्नात १११ निसटले. दोन्हींची बेरीज धरतात. प्रयत्न तीनच असतात, त्यामुळे दुसरा तेच वजन पुन्हा उचलण्यात गेला आणि वाढवायला एकच उरला. ११४ उचलले असते तर एकूण २०२ झाले असते. ते जमलं नाही, १९९ वर थांबावं लागलं. थायलंडच्या खेळाडूनं २०० वर कांस्य नेलं. मला विचाराल तर पदक ११४ ला नाही, निसटलेल्या पहिल्या १११ ला गेलं.

आणि विनेश फोगाट. ती तर चौथीही नाही. कुस्तीत दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. ५३ किलोची ही पैलवान ५० किलोत खेळली, पहिल्याच दिवशी जपानच्या युई सुसाकीला हरवून अंतिम फेरीत गेली. तीन कुस्त्यांमध्ये ताकद टिकवायला खाणंपिणं लागतं, आणि संध्याकाळी वजन मर्यादेच्या २.७ किलो वर गेलं. रात्रभर व्यायाम, घाम, अन्नपाणी बंद, केसही कापले. पण पहिल्या वजनासाठी अंगातलं पाणी आधीच पिळून काढलेलं, त्यामुळे घाम येईनासा होतो. सकाळी काटा ५० किलो १०० ग्रॅमवर थांबला. नियमाप्रमाणे दुसऱ्या वजनात नापास झालेला सगळ्यात खाली जातो, म्हणून नक्की झालेलं रौप्यही गेलं.

दोनच दिवसांनी त्याच पथकातल्या अमन सेहरावतचं वजन उपांत्य फेरीनंतर ६१.५ भरलं. मर्यादा ५७. मॅटवरचा सराव, गरम पाण्याची अंघोळ, ट्रेडमिल, सौना, असे दहा तास. सकाळी काटा ५६.९ वर थांबला, आणि अमन कांस्याची कुस्ती १३-५ नं जिंकला.