आभासी परिषदेतील रात्र कुणाच्या वाट्याला?

मित्रहो, यंत्र-अध्ययन (मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवणे) या विषयातील ‘आयसीएलआर’ ही आंतरराष्ट्रीय परिषद एप्रिल २०२० मध्ये इथिओपियाच्या अदिस अबाबा शहरात भरणार होती. हे शहर विचारपूर्वक निवडलेले होते. कॅनडात भरलेल्या अशाच एका मोठ्या परिषदेला जाण्यासाठी आफ्रिकेतील अनेक संशोधकांना व्हिसा मिळाला नव्हता आणि ती सल ताजी होती. पुढे कोविडमुळे ही परिषद संपूर्णपणे ऑनलाइन घ्यावी लागली. आदल्या वर्षी न्यू ऑर्लिन्सला सुमारे २,७०० लोक जमले होते. ऑनलाइन परिषदेला मात्र जवळजवळ ९० देशांतून ५,६०० हून अधिक लोक आले. विमानाचे तिकीट, हॉटेलचे भाडे आणि व्हिसा या तीन गोष्टी वगळल्या की किती जणांना आत येता येते, हे या आकड्यांवरून कळते.

पण आत येणे आणि सहभागी होणे यांत अंतर आहे, आणि संयोजकाची खरी कसोटी तिथेच लागते. प्रत्यक्ष परिषदेत सगळे एकाच गावी जमत असल्यामुळे सगळ्यांचे घड्याळ एकच असते. आभासी परिषदेत तसे नसते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचा संयोजक सकाळी १० वाजता सत्र सुरू करतो तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे ६, नैरोबीत रात्रीचे ९, पुण्यात रात्रीचे साडेअकरा आणि टोकियोत पहाटेचे ३ वाजलेले असतात. त्याला आपली वेळ सोयीची वाटते, म्हणून ती सर्वांना सोयीची आहे असा त्याचा प्रामाणिक समज होतो. त्यातच अमेरिकेतील घड्याळे मार्चमध्ये युरोपच्या दोन-तीन आठवडे आधी पुढे सरकतात आणि भारतातली सरकतच नाहीत; त्या काळात केवळ स्थानिक वेळ छापलेले वेळापत्रक हमखास कुणालातरी एक तास चुकवते. म्हणून वेळापत्रकावर जागतिक प्रमाणवेळ हवीच, आणि सहभागी व्यक्तीला तिच्या गावची वेळ आपोआप दिसण्याची सोयही हवी.

‘आयसीएलआर’ने ६८७ शोधनिबंधांसाठी जी व्यवस्था केली, ती मला अनुकरणीय वाटते. प्रत्येक निबंधाचे सादरीकरण आधीच ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर ठेवले होते. थेट वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखलेली होती, आणि एका निबंधाला एक नव्हे, तर दोन वेगवेगळ्या वेळा दिल्या होत्या. एक वेळ मध्यरात्री आलीच, तर दुसरी गाठता येते. आपल्याकडे अजूनही वीस मिनिटे थेट वाचन आणि ‘वेळेअभावी’ दोनच प्रश्न, असा क्रम चालतो. जे ध्वनिमुद्रित करता येते त्यावर सामाईक वेळ खर्च करणे हा, माझ्या मते, दूरच्या संशोधकावर अन्यायच आहे.

एका सत्राचे अध्यक्षपद माझ्याकडे होते. बोलता बोलता एका तरुण संशोधिकेच्या गावची वीज गेली आणि पडद्यावर तिच्या जागी नुसते नाव उरले. तिची ध्वनिचित्रफीत आमच्याकडे आधीच आलेली होती, ती आम्ही लगेच लावली. पाचेक मिनिटांनी ती मोबाइलवरून चॅटमध्ये परतली आणि एकेका प्रश्नाला टंकून उत्तर देऊ लागली. ती उत्तरे मी मोठ्याने वाचून दाखवत होतो. तिचे सर्वांत नेमके उत्तर त्या चॅटमध्येच आले. बोलताना इंग्रजीशी अडखळणारे अनेक जण लिहिताना मोकळे होतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

तेव्हापासून मी प्रत्येक सत्राला दोन माणसे मागतो: एक चर्चा चालवणारा, दुसरा फक्त चॅट वाचणारा. शिवाय सत्र संपल्यावर चॅट बंद करू देत नाही, ते आणखी दोन दिवस उघडे ठेवतो. टोकियोचा संशोधक सकाळी उठून ध्वनिमुद्रण पाहतो आणि आपला प्रश्न लिहितो. वक्ता आपल्या गावी उजाडल्यावर त्याला उत्तर देतो, आणि दोघांपैकी कुणालाही त्यासाठी रात्र जागवावी लागत नाही.