गेम स्ट्रीमिंग: पुढची फ्रेम अजून तयारच नसते

नमस्कार मंडळी! ऑनलाइन सिनेमा बघताना इंटरनेट पाच-दहा सेकंद गेलं, तरी सिनेमा चालूच राहतो. पुढचा थोडा भाग ॲपने आधीच उतरवून ठेवलेला असतो. इंटरनेटवरून स्ट्रीम होणाऱ्या गेमला ही सोय नाही. पुढच्या क्षणी तुम्ही डावीकडे वळणार की उडी मारणार, हे तुमचं तुम्हालाच अजून ठरवायचंय. त्यामुळे पुढची फ्रेम, म्हणजे स्क्रीनवरचं पुढचं चित्र, आधी उतरवून ठेवायची म्हटलं तरी ठेवणार कुठून? ती अजून तयारच झालेली नाही. क्लाउड गेमिंगमध्ये, म्हणजे अशा गेम स्ट्रीमिंगमध्ये, जे चांगलं-वाईट आहे, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीशी येऊन थांबतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

[स्क्रीनवर: कंट्रोलर – सर्व्हर – व्हिडिओ – स्क्रीन]

गेम तुमच्या मशीनवर चालतच नाही. तो दूरच्या डेटा सेंटरमधल्या ग्राफिक्स कार्डवर, म्हणजे गेमची चित्रं तयार करणाऱ्या यंत्रावर, चालतो. तुम्ही बटण दाबलं की फक्त तेवढा इशारा तिकडे जातो. तिथे नवीन फ्रेम तयार होते, तिचा व्हिडिओ बनतो, तो इंटरनेटवरून तुमच्याकडे येतो आणि स्क्रीनवर उलगडतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर हे दर १६.७ मिलिसेकंदांनी घडत राहायला हवं.

आता लॅगकडे, म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर काही होईपर्यंतच्या उशिराकडे येऊ. एक सांगतो, घरच्या कन्सोलवरही बटण दाबल्याबरोबर त्याच क्षणी काही होत नाही. गेम, कंट्रोलर, टीव्ही मिळून बहुतेक वेळा ५० ते १०० मिलिसेकंद तिथेच जातात. स्ट्रीमिंगचा उशीर त्याच्यावर चढतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १,००० किलोमीटर दूर असेल, तर नुसत्या जाण्यायेण्यात १० मिलिसेकंद जातात. ५,००० किलोमीटरवर असेल तर ५०. आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, वाटेत राउटर असतात, म्हणजे प्रत्यक्षात आणखी जास्त. तुमचा प्लॅन कितीही महागाचा असो, हे अंतर कमी होत नाही. ते कमी करायचं तर कंपनीलाच तुमच्या जवळ डेटा सेंटर उभारावं लागतं.

आणि एक सांगू का, नुसता उशीर असेल तर हाताला त्याची सवय होते. सवय होत नाही ती उशीर सारखा बदलत राहण्याची. याला जिटर म्हणतात. एक उडी वेळेवर बसते, दुसरी उशिरा, आणि आपल्याला वाटतं आपणच चुकलो. फायटिंग गेम किंवा शूटर खेळणाऱ्यांना याचा जास्त त्रास होतो. पाळीपाळीने खेळायचे स्ट्रॅटेजी गेम, कोडी, गोष्टीवर चालणारे गेम यांत तो जाणवतही नाही. म्हणून ‘क्लाउड गेमिंग चांगलं की वाईट’ असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारतो, तुम्ही खेळता काय?

चित्राच्या दर्जाचंही मूळ पुढची फ्रेम तयार नसण्यातच आहे. सिनेमाच्या व्हिडिओचा डेटा कमी करताना एन्कोडर, म्हणजे हे काम करणारी यंत्रणा, पुढच्या फ्रेम बघून आधीची फ्रेम कमी जागेत बसवतो. अशा फ्रेमला बी-फ्रेम म्हणतात. तिच्यासाठी थोडं थांबावं लागतं, आणि गेमला थांबायला वेळ नाही. त्यामुळे तेवढ्याच डेटात चित्र कमी सुबक येतं. अंधारी गुहा, पाऊस, वाऱ्यावर हलणारं गवत अशा ठिकाणी चौकोनी डाग दिसतात त्याचं हे एक कारण. डेटाही भरपूर लागतो. गूगलच्या स्टेडिया या गेम सेवेला ४के चित्रासाठी ३५ एमबीपीएसचा वेग लागायचा. तासाचा हिशोब केला तर जवळपास १६ जीबी.

हे सगळं ऐकून ‘मग कशाला हवंय हे’ असं वाटेल. पण मला ही कल्पना मनापासून आवडते. ग्राफिक्स कार्ड घेणं परवडत नाही असा माणूस जुन्या लॅपटॉपवर किंवा फोनवर अगदी नवा, जड गेम खेळू शकतो, ही लहान गोष्ट नाही. १०० जीबी डाउनलोड होईपर्यंत बसायचं नाही, अपडेटची वाट बघायची नाही, गेम आवडला नाही तर दोन मिनिटांत बंद. आणि गेमच्या फाइल तुमच्याकडे नसल्यामुळे त्यांत फेरफार करून चीटिंग करणंही खूप अवघड जातं.

मग एवढं सगळं असून यातल्या काही सेवा बंद का पडल्या? माझ्या मते याचं मोठं कारण खर्च आहे. सिनेमाची एक प्रत सर्व्हरवर ठेवली की तीच हजारो लोकांना पाठवता येते. गेममध्ये प्रत्येकाचा खेळ वेगळा, म्हणून प्रत्येकासाठी ग्राफिक्स कार्डचा वेगळा वाटा, तोही खेळ चालू असेपर्यंत अडकलेला. त्यात एका भागातले लोक संध्याकाळी एकदमच खेळायला बसतात. तेवढ्या गर्दीसाठी घेतलेली यंत्रं पहाटे रिकामी असतात. एन्व्हिडिया या ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या जीफोर्स नाऊ या सेवेवर फुकट खेळणाऱ्यांना रांगेत थांबावं लागतं, आणि २०२५ पासून पैसे भरणाऱ्या नव्या सदस्यांनाही महिन्याला १०० तासांची मर्यादा लागू झाली. यामागचं गणित उघड आहे.

ऑनलाइव्ह ही सेवा २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली. तिचे पेटंट सोनीने घेतले. स्टेडिया १९ नोव्हेंबर २०१९ ला आलं आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद झालं, म्हणजे गूगलसारख्या कंपनीलाही ते पाच वर्षं चालवता आलं नाही. गूगलने स्टेडियावर विकलेल्या गेमचे पैसे परत केले, हे मान्यच करायला हवं. पण ज्या गेमचे सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, दुसरीकडे नेता आले नाहीत, त्यांत घातलेले तास गेले ते गेलेच. ‘आउटकास्टर्स’ नावाचा गेम फक्त स्टेडियावर होता. तो स्टेडियाबरोबरच संपला. त्याची डिस्क नाही, कुणाच्या हार्ड डिस्कवर फाइल नाही. लोकांनी मेहनतीने बनवलेली कलाकृती एका दिवसात कुणालाच खेळता येईनाशी होते, याचं मला फार वाईट वाटतं. लॅग पुढेमागे कमी होईल, पण हे नुकसान भरून कसं काढणार?

म्हणून सेवा निवडताना मी आधी हे बघतो, की गेम कुणाच्या नावावर आहे. जीफोर्स नाऊमध्ये तुम्ही स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम तिकडच्या मशीनवर चालवता. सेवा बंद झाली तरी गेम तुमच्या खात्यात राहतो. तिथेही परवानगी प्रकाशकाची लागते. २०२० मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डने आपले गेम तिथून काढून घेतले होते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची सेवा गेम पास या वर्गणीतून आली, म्हणजे तिथला कॅटलॉग भाड्याचाच. भाड्याचं आहे हे माहीत असेल तर त्यात काही गैर नाही. फक्त एकाच क्लाउडवर चालेल असा गेम पूर्ण किंमत देऊन विकत घेऊ नका, एवढंच कळकळीने सांगतो.

आणि करून बघायचं असेल, तर आधी राउटरला केबल जोडा. ते जमत नसेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या आणि राउटरच्याच खोलीत बसा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा, काही टीव्हींचा स्वतःचा उशीर त्याने बराच कमी होतो. चाचणी दुपारच्या निवांत वेळी घेऊ नका. तुम्ही एरवी ज्या वेळी खेळता त्याच वेळी घ्या, गर्दीच्या संध्याकाळी, आणि तुमच्या सगळ्यांत वेगवान गेमवर. अर्धा तास खेळून हात सरावला, तर महिन्याची वर्गणी भरायला हरकत नाही. वर्षाची एकदम भरायच्या आधी मात्र सेव्ह फाइल बाहेर काढता येते का, हे त्या सेवेला विचारून घ्या.