कचरा डेपोलगतचे भूजल आणि कर्करोगाच्या जोखमीचा हिशेब

पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीतल्या डेपोत पडत राहिला, तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले आणि गावकऱ्यांवर टँकरच्या पाण्याची वेळ आली, हे आपण सर्व जाणता. अशा ठिकाणी ‘या पाण्याने कर्करोगाचा धोका किती वाढतो?’ असे विचारले, की जोखीम-मूल्यमापनाचे शास्त्र एक आकडा देते. तो कसा निघतो आणि त्यावर किती विसंबावे, हे मला आज मांडायचे आहे.

हिशेबाची रीत साधी आहे. पाण्यातील द्रव्याचे प्रमाण, दररोज प्यायले जाणारे पाणी, माणसाचे वजन आणि किती वर्षे ते पाणी प्यायले गेले, यांवरून दर किलो वजनामागे रोजची सरासरी मात्रा काढतात. प्रचलित गृहीतके २ लिटर पाणी, ७० किलो वजन आणि ७० वर्षांचे आयुष्य अशी आहेत. या मात्रेला त्या द्रव्याच्या कर्करोगक्षमतेच्या गुणांकाने, म्हणजे ठराविक मात्रेमागे जोखीम किती वाढते ते सांगणाऱ्या आकड्याने गुणले, की आयुष्यभरातील वाढीव जोखीम मिळते. गुणाकार कुणालाही जमतो. अडचण त्यात घातलेल्या आकड्यांची आहे, आणि ती समजण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न गावाइतके बोलके उदाहरण माझ्या माहितीत नाही.

वोबर्नला पाणी पुरवणाऱ्या ‘जी’ आणि ‘एच’ या दोन विहिरी मे १९७९ मध्ये बंद करण्यात आल्या, कारण त्यांच्या पाण्यात लिटरमागे २६७ मायक्रोग्रॅम ट्रायक्लोरोएथिलीन आढळले. हे यंत्रांवरील ग्रीस धुण्याचे औद्योगिक द्रावक असून, आसपासच्या जमिनीवर टाकलेल्या रासायनिक कचऱ्यातून ते भूजलात उतरले होते. यातली पहिली विहीर १९६४ मध्ये सुरू झाली होती, म्हणून एखाद्याने १५ वर्षे हेच पाणी प्यायले असे धरू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये या द्रव्यासाठी ०.०४६ हा गुणांक ठरवला. तो वापरला तर वाढीव जोखीम लाखात सुमारे ८ येते, आणि तीही सर्व वयांची आणि संपूर्ण आयुष्याची. प्रत्यक्षात या दोन विहिरींचे पाणी सर्व घरांना सारखे मिळत नव्हते, म्हणजे गावाची सरासरी त्याहूनही कमीच निघेल.

आता नोंदी पाहा. १९६९ ते १९७९ या काळात वोबर्नमधील मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे १२ रुग्ण आढळले. सामान्य प्रमाणाने ५.३ अपेक्षित होते. हिशेबातला आकडा एवढा लहान आणि मुले मात्र दुपटीहून अधिक, याचा मेळ कसा घालायचा? संख्या लहान असल्यामुळे योगायोगाची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. पण हिशेबात काय काय आलेच नव्हते, तेही पाहायला हवे. तो गुणांक मुख्यतः प्रौढ कामगारांमधील मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या नोंदींवरून बेतलेला आहे. गर्भातल्या मुलाच्या वाढत्या पेशींविषयी त्यात थेट काही नाही. प्रमाणाचा आकडा १९७९ चा आहे. त्याआधीच्या १५ वर्षांत पाण्यात काय होते, हे मोजलेच गेले नव्हते. शिवाय हे द्रव्य बाष्पनशील आहे, म्हणजे गरम पाण्याने आंघोळ करताना ते श्वासावाटेही शरीरात जाते, आणि पिण्याच्या दोन लिटरांत ते धरलेले नसते.

राज्याच्या आरोग्य विभागाने पुढे गावातील जलवाहिन्यांचे गणिती प्रारूप वापरून कोणत्या घराला कोणत्या काळात या विहिरींचे किती पाणी मिळाले असेल, याचा अंदाज घेतला. १९९७ च्या त्या अभ्यासात आईला गरोदरपणी हे पाणी मिळाले असण्याचा मुलाच्या आजाराशी संबंध दिसला, मात्र रुग्ण थोडे असल्याने त्यातील अनिश्चितता फार मोठी होती. माझ्या मते त्या अभ्यासाचे खरे मोल घराघरापर्यंत पोहोचलेल्या या पाण्याच्या हिशेबात आहे.

याची उलट बाजू अधिक चिंतेची आहे. भारतात साधारण नऊ जणांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज आहे. दहा हजार वस्तीच्या गावात म्हणजे सुमारे अकराशे जणांना. दूषित पाण्यामुळे जोखीम दहा हजारांत एकाने वाढली, तर त्या अकराशेंत एकाची भर पडेल, आणि कितीही काटेकोर सर्वेक्षण केले तरी ती दिसणार नाही. म्हणून ‘गावात कर्करोग वाढलेला आढळला नाही’ या वाक्यावरून ‘पाणी निर्धोक आहे’ असे सांगणे मला अप्रामाणिक वाटते. ते सांगण्यासाठी पाणीच तपासावे लागते.

आणि ही तपासणी आपल्याकडे बहुधा क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट आणि काही धातूंपाशी थांबते. बेंझिन किंवा ट्रायक्लोरोएथिलीन त्यात सापडणार नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे बाष्परूपातील द्रव्ये वेगळी करून मोजणारे यंत्र लागते, आणि नमुन्याची बाटली हवेचा बुडबुडाही न राहता काठोकाठ भरून प्रयोगशाळेपर्यंत थंड ठेवावी लागते. ट्रायक्लोरोएथिलीनचे प्रमाण घटले म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. प्राणवायूविरहित भूजलात जिवाणू त्याचे टप्प्याटप्प्याने विघटन करतात आणि त्यातून व्हिनाइल क्लोराइड हे कर्करोगकारक द्रव्य तयार होऊ शकते, ज्याची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे अवघी ०.३ मायक्रोग्रॅम आहे.

दख्खनच्या बसाल्टमध्ये तर पाणी मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून वाहते. एकाच भेगेवरच्या दूरच्या बोअरवेलमध्ये डेपोचे पाणी पोहोचते आणि शेजारची विहीर स्वच्छ राहते, असे होऊ शकते. डेपोच्या कुंपणालगत दोन निरीक्षण विहिरी घेऊन सरासरी काढली, तर त्या सरासरीचे पाणी कोणीच पीत नसते. म्हणून प्रत्येक वापरातल्या विहिरीची उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर स्वतंत्र तपासणी व्हावी, निकालांची नोंद वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीत सर्वांना पाहता येईल अशी राहावी, आणि टँकर सुरू झाल्यावरही आंघोळीला, भांड्यांना आणि जनावरांना कोणते पाणी वापरले जाते ते घरोघरी विचारून लिहून ठेवावे, कारण टँकर आला म्हणजे विहीर वापरातून गेली, असे हिशेबात आपोआप धरता येत नाही.