अठ्ठावीस दिवसांचा महिना

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या महिन्यात मी नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एका मोबाईलच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे घरकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी बटणांचा फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, मले नेट नाही पायजे. फक्त फोन आला पायजे, तेवढं करून द्या." दुकानदाराने १९९ रुपये सांगितले. "नेट नको म्हणते नं मी," बाई पुन्हा म्हणाल्या. "मावशी, त्याच्यात नेट येतेच. घ्या नका घेऊ, पैसे तेवढेच," दुकानदार म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता. त्या रिचार्जमध्ये २ जीबी डेटा होता आणि बाईंच्या फोनला तो वापरताच येणार नव्हता.

मोबाईल महागला, ही तक्रार आता आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ती खरीही आहे. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन वेळा खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. शेवटच्या वाढीत रोज दीड जीबी देणारा जिओचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला आणि एअरटेलचा सर्वांत लहान मासिक प्लॅन १७९ वरून १९९ वर आला. परंतु कंपन्यांना विचाराल, तर त्या सांगतील की डेटा स्वस्तच झाला आहे, आणि गंमत अशी की तेही खरे आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या आकडेवारीनुसार २०१४ साली एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरली, काही महिने सारे काही फुकट मिळाले आणि पुढच्या दोन वर्षांत तोच जीबी दहा-बारा रुपयांवर आला. मग जीबी स्वस्त आणि बिल मात्र जास्त, हे कसे? याचे उत्तर दरात कमी आणि प्लॅनच्या बांधणीत जास्त आहे, म्हणून आज मी तुमच्यासमोर थोडी आकडेमोड करणार आहे.

२९९ रुपयांत रोज दीड जीबी, म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी. एक जीबी साधारण ७ रुपयांना पडला. १९९ रुपयांत अख्ख्या २८ दिवसांसाठी २ जीबी. इथे एका जीबीला जवळजवळ १०० रुपये झाले. आता वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याचा हिशेब पाहा. ३५९९ रुपयांत ३६५ दिवस रोज दोन ते अडीच जीबी मिळतात, वर अमर्याद फाइव्ह-जी, आणि दिवसाचा खर्च १० रुपयांच्याही आत. उलट २९९ चा रिचार्ज मारणारा दिवसाला १० रुपये ६८ पैसे देतो आणि त्याला डेटाही कमीच मिळतो. इतवारीच्या ठोक बाजारात तेलाचा डबा घेणाऱ्याला भाव वेगळा आणि मोहल्ल्यातल्या दुकानातून पाव किलो नेणाऱ्याला वेगळा, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पाव किलो तेल निदान मिळते तरी. इथे पाव किलोची सोयच हळूहळू काढून घेतली जात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रोज १ जीबीचा २४९ रुपयांचा प्लॅन आधी जिओने आपल्या ऑनलाइन यादीतून काढला आणि लगेच एअरटेलनेही तो बंद केला. ज्याचे रोज १ जीबीत भागत होते, त्याला पन्नास रुपये जास्त मोजावे लागू लागले. आणि याला कोणी दरवाढ म्हटले नाही.

रोजच्या कोट्याचीही एक खोच आहे. बहुतेक प्लॅनमध्ये रात्री बारा वाजले की उरलेला डेटा संपतो. सकाळी नवा मिळतो, पण कालची शिल्लक पुढे येत नाही. दिवसभर हिंगण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा डेटा सहा दिवस वाया जातो आणि सातव्या दिवशी, रविवारी सामना बघता बघता दुपारीच संपतो. मग एका दिवसाच्या एका जीबीसाठी १९ किंवा २२ रुपये वेगळे. तुम्ही हे भाषण रेडिओच्या संचावर ऐकत असाल तर चिंता नाही. मोबाईलच्या ॲपवर ऐकत असाल, तर ते आजच्या कोट्यातून जात आहे.

आणि महिना २८ दिवसांचा का? अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे ३६४. कॅलेंडरचे महिने बारा, पण रिचार्ज तेरा. २९९ चा प्लॅन घेतला, तर वर्षाला ३५८८ ऐवजी ३८८७ रुपये होतात. पगार एक तारखेला येतो आणि रिचार्जची तारीख मात्र दर महिन्याला दोन-तीन दिवस अलीकडे सरकत जाते. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने आदेश काढला की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा निदान एकेक प्लॅन ठेवावा. ते प्लॅन आले. दुकानदार आपणहून ते सांगत नाहीत, एवढेच.

सक्करदऱ्याच्या बाईंसाठीही एक तरतूद झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएससाठीचा, डेटा नसलेला प्लॅन देणे बंधनकारक केले. त्याप्रमाणे ८४ दिवसांचे प्लॅन निघाले: जिओचा ४४८ रुपयांना, एअरटेलचा ४६९ रुपयांना. २८ दिवसांना भागून पाहिले, तर दीडशेच्या आसपास पडतात, म्हणजे चाळीस-पन्नास रुपयांची बचत आहे. पण ती ज्याच्या हातात एकदम साडेचारशे रुपये आहेत, त्याची. किती दिवसांचा प्लॅन काढायचा हे नियमाने कंपन्यांवर सोडले आणि या दोन कंपन्यांनी तेव्हा लहान मुदत निवडली नाही.

कंपन्यांची बाजू मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सरकारला द्यायची मोठी थकबाकी त्यांच्या डोक्यावर आली, फाइव्ह-जीच्या लहरींसाठी २०२२ च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटींच्या बोली लागल्या, आणि फुकट वाटण्याच्या शर्यतीत अर्ध्या कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. आता मैदानात तीन खासगी आणि एक सरकारी कंपनी उरली आहे. जुलै २०२४ मध्ये बीएसएनएलने दर वाढवले नाहीत, म्हणून पुष्कळांनी तिकडे क्रमांक वळवला. १९०० या क्रमांकावर पोर्टचा संदेश पाठवून तुम्हीही तसे करू शकता, मात्र आधी आपल्या गल्लीत सिग्नल येतो का, ते शेजाऱ्याच्या फोनवर पाहून घ्या. मी पाहिले नव्हते. तीन महिने मी गच्चीवर जाऊन बोलत होतो, कारण एकदा पोर्ट केले की नव्वद दिवस पुन्हा बदलता येत नाही.

दुकानात मी त्या बाईंना ८४ दिवसांचा हिशेब सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, पदराच्या गाठीतून दोनशेची नोट काढली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे भाऊ तुमचं, पण तीन महिन्याचे पैसे मले एका घरून एकदम कोण देते?" दुकानदाराने १९९ चा रिचार्ज मारला, एक रुपया परत केला आणि पावतीच्या मागे पुढची तारीख लिहून दिली.