ताप उतरला, आता बारबेल कधी?

नमस्कार. नियमित व्यायाम करणारा माणूस आजारी पडला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘आज जिमला जाऊ की खाडा करू?’ प्रश्न रास्त आहे, पण खरी गडबड बहुधा त्या दिवशी होतच नाही. ती होते आठ-दहा दिवसांनी. ताप गेलेला असतो, भूक परत आलेली असते, आरशात खांदे जरा उतरलेले दिसतात आणि माणूस पहिल्याच दिवशी जुनं वजन बारवर चढवतो. म्हणून ‘जाऊ की नको’ हे लवकर उरकतो आणि परतीच्या वाटेवर जास्त वेळ थांबतो.

आजारात व्यायाम करावा का, याचा एक सोपा नियम क्रीडावैद्यकात १९९०च्या दशकापासून रूढ आहे. मानेपाशी एक रेघ ओढा. त्रास रेघेच्या वर असेल, म्हणजे नाक गळतंय, शिंका येतायत, घसा थोडा खवखवतोय, तर हलका व्यायाम चालतो. रेघेच्या खाली असेल, म्हणजे छातीत कफ, दम लागणं, उलट्या-जुलाब, अंग मोडून येणं, तर घरी थांबायचं. तापाला मात्र ही रेघ लागू नाही. नाकसुद्धा न गळता नुसता ताप असला, तरी व्यायाम बंद.

या नियमाच्या वरच्या अर्ध्या भागाला थोडा प्रयोगाचा आधार आहे. १९९८ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तरुण मंडळींना मुद्दाम ऱ्हायनोव्हायरसची, म्हणजे साध्या सर्दीची, लागण करण्यात आली. एका गटाने दहा दिवस, दिवसाआड ४० मिनिटं मध्यम व्यायाम केला, दुसऱ्याने केला नाही. सर्दी दोन्ही गटांत सारखीच टिकली आणि सारखीच तीव्र राहिली. पण यातून काय निघत नाही, तेही बघा. व्यायामाने सर्दी लवकर गेली, असं झालं नाही. तेव्हा ‘घाम काढला की सर्दी पळते’ हे विसरा. शिवाय तो विषाणू फ्लूचा नव्हता आणि व्यायाम जड डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून जड बार उचलण्याचा, नव्हता.

तापात नेमकं काय बिघडतं? शरीराचं तापमान १ अंश सेल्सियसने वाढलं की नाडी मिनिटाला साधारण १० ठोक्यांनी वाढते. ३९ अंश ताप असलेला माणूस खुर्चीत बसल्या बसल्या २० ठोके जादा मोजतोय, म्हणजे हृदयाचं काम आधीच सुरू आहे. त्यात घामाने आणि कमी खाण्यापिण्याने पाणी घटलेलं असतं, आणि शरीराला उष्णता बाहेर टाकायला जागाच उरत नाही. त्याहून गंभीर गोष्ट हृदयाच्या स्नायूची. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकी गटातले विषाणू यासाठी कुप्रसिद्ध आहेत. अशा सुजेत जोराचा व्यायाम केला तर हृदयाची लय बिघडू शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर ‘दोन दिवस विश्रांती’वर भागत नाही, स्पर्धात्मक खेळ आणि जड व्यायाम साधारण ३ ते ६ महिने बंद ठेवायला सांगतात.

इथे एक फसवणूक आपण स्वतःच करतो. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं, तासाभरात कणकण जाते, आणि ‘ताप नाही’ म्हणून बॅग उचलायची. गोळीने तापाचा आकडा खाली आला, आजार होता तिथेच आहे. ताप मोजायचा तो गोळीचा अंमल ओसरल्यावर. आणि ताप गेला असं म्हणायचं ते गोळी न घेता सलग २४ तास ताप नसेल तेव्हाच.

काहींना अंग दुखतंय ते लेग डेमुळे, म्हणजे पायांच्या व्यायामामुळे, की तापामुळे, हेच कळत नाही. व्यायामाने आंबलेलं अंग जिथे काम केलं तिथेच दुखतं, दाबलं किंवा ताणलं की जास्त दुखतं, आणि एक ते तीन दिवसांत कळस गाठून ओसरतं. विषाणूची अंगदुखी सगळीकडे पसरलेली असते. पाठ, सांधे, डोळ्यांच्या मागे, आणि ज्या स्नायूंना तुम्ही आठवडाभर हात लावला नाही तेही. सोबत थंडी वाजते, पंखा नकोसा होतो. शंका आली तर थर्मामीटर लावा. आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजायची सवय ठेवा. एरवी ६० असणारी नाडी आज ६८-७० भरली, तर त्या दिवशीचा आराखडा बदला.

समजा फक्त नाक गळतंय आणि जायचंच आहे. दहा मिनिटं सावकाश चाला किंवा सायकल मारा. दहा मिनिटांनी डोकं जड झालं, गळून गेल्यासारखं वाटलं, तर परत फिरा. बरं वाटलं तर नेहमीच्या निम्मे सेट, म्हणजे सलग उचलण्याच्या फेऱ्या, करा. प्रत्येक सेटमध्ये आणखी तीन-चार रेप्स, म्हणजे उचली, जमल्या असत्या अशा बेताने थांबा आणि दोन सेटमध्ये तीन मिनिटं बसा. श्वास कोंडून उचलायचं वजन त्या दिवशी नको. नाक आणि कान चोंदलेले असताना तो दाब कानाच्या पडद्यावर आणि कपाळात जाणवतो. प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची कॅफीनवाली, पावडर तर मुळीच नको. सर्दीच्या अनेक गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलेफ्रिन असतं, ते रक्तदाब वाढवू शकतं. त्यावर दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कॅफीन ओतलं की छातीत धडधड सुरू होते आणि मग माणूस भलत्याच काळजीत पडतो.

दुसऱ्यांचाही विचार करा. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस तो पसरवू शकतो. जिममध्ये आपण बेंचवर घाम सांडतो, धापा टाकतो आणि एकच डंबेल वीस जण उचलतात. तुम्हाला झेपतंय म्हणून शेजाऱ्याला झेपेलच असं नाही. साध्या सर्दीतही पहिले तीन दिवस जी हालचाल करायची ती घरी करा. उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावर ४८ तास जिममध्ये पाऊल नको. आणि सॅनिटायझरवर विसंबू नका. नोरोव्हायरससारख्या पोटाच्या विषाणूवर अल्कोहोल नीट चालत नाही, हात साबणानेच धुवावे लागतात.

आता भीतीकडे येऊ, कारण घाई होते ती भीतीपोटी. ‘आठवडा बसलो, सगळं गेलं.’ काय गेलं ते मोजू. स्नायूंत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. मध्यम बांध्याच्या माणसाच्या स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं. आजारात जेवण तुटलं आणि त्यातलं निम्मं संपलं, तर २०० ग्रॅम ते आणि ६०० ग्रॅम पाणी, म्हणजे पाऊण किलोहून जास्त वजन उतरलं आणि स्नायू सपाट दिसायला लागले. त्यात मांस काहीच गेलेलं नाही. दोन-तीन दिवस पोटभर जेवलात की ते परत भरतं. ताकद साधारण तीन आठवडे फारशी हलत नाही. आधी घसरतो तो दम, कारण व्यायाम थांबल्यावर रक्तातल्या द्रवाचं प्रमाण काही दिवसांतच कमी व्हायला लागतं. म्हणूनच परतल्यावर बार जड वाटत नाही, पण जिना चढताना धाप लागते. आणि इथेच माणूस फसतो: हाताला वजन झेपतं, म्हणजे आपण बरे झालो, असा अर्थ तो काढतो.

कमावलेलं टिकवायला किती कमी व्यायाम पुरतो, यावर २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी १६ आठवडे नियमित व्यायाम, मग ३२ आठवडे त्याच्या एक तृतीयांश किंवा एक नवमांश. २० ते ३५ वयाच्या मंडळींनी एक नवमांशावरही स्नायूंचा आकार टिकवला. साठीच्या पुढच्यांना तेवढं पुरलं नाही, त्यांना जास्त लागलं. तेव्हा पंचविशीतल्या मुलाने दहा दिवसांसाठी झोप उडवून घेऊ नये.

एक अपवाद मात्र आहे. तापात अंथरुणाला खिळून, उपाशी राहून गेलेला आठवडा हा साध्या खाड्यापेक्षा वेगळा. तेव्हा स्नायू खरंच झिजतो. म्हणून आजारपण ही चरबी उतरवायची संधी नव्हे; कॅलरी कमी करण्याचा आराखडा चालू असेल तर तो थांबवा. वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य धरलं, तर ७० किलोच्या माणसाला दिवसाला ११२ ग्रॅम लागतात. भूक नसताना ती दोन वेळच्या जेवणात बसत नाहीत. चार-पाच वेळा थोडं थोडं, जमेल तेव्हा पातळ रूपात घ्या. नाहीच जमलं तर आधी पाणी आणि मीठ सांभाळा. जुलाबात तयार ओआरएस उत्तम. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. यात अंदाजपंचे चालत नाही. मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

औषधांबद्दल एक इशारा जिमवाल्यांना सहसा कुणी देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारा टेंडन) कमजोर करू शकतात, विशेषतः टाचेमागचा. तो तुटण्याच्या धोक्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली ठळक इशारा छापायला लावला. हा धोका औषध संपल्यावरही काही महिने राहू शकतो. असं औषध चालू असताना उड्या, धाव आणि वजन घेऊन टाचा उचलण्याचा व्यायाम (काफ रेझ) बाजूला ठेवा. टाचेमागे दुखायला लागलं तर ‘ताण आला असेल’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना कळवा.

आता परतीची वाट. पुढचे आकडे व्यवहारातला अंदाज आहेत, प्रयोगशाळेतून आलेलं सूत्र नव्हे. पण अंदाजाशिवाय जाण्यापेक्षा बरे. चार दिवस ताप होता असं धरू. गोळीशिवाय २४ तास ताप नाही, की पुढचे दोन दिवस फक्त वीस मिनिटं चालणं, तेही बोलता येईल इतक्या वेगाने. त्यानंतर जिम. आधी १०० किलोचे स्क्वॉट (पाठीवर बार घेऊन बैठका) चार सेट, सहा रेप्स असे चालू असतील, तर पहिल्या दिवशी ६० किलो, दोन सेट, सहा रेप्स. हे हास्यास्पद हलकं वाटतं. वाटू दे. खंडानंतर स्नायूंची सवय थोडी मोडलेली असते, त्यामुळे नेहमीच्या कामानेही अंग जास्त आंबतं. दुसऱ्या सत्रात ७५ किलो, दोन सेट. तिसऱ्या-चौथ्यात ८५ ते ९० किलो, तीन सेट. मग पूर्ण. आधी वजन वाढवा, सेट मागून वाढवा. कारण ताकद वजनाने टिकते आणि थकवा सेटने साचतो. धापा टाकायला लावणारी इंटरव्हल्स, म्हणजे थांबून थांबून जोरात करायचा व्यायाम, सगळ्यात शेवटी, निदान आठवडा उलटल्यावर.

निकाल लागतो दुसऱ्या दिवशी. जिममध्ये कसं वाटलं यापेक्षा पुढच्या २४ ते ४८ तासांत काय होतं ते बघा. नाडी चढलेली, अंगात परत कसर, झोप मोडलेली, असं असेल तर एक पायरी खाली या. दरवेळी असंच होत राहिलं, विशेषतः कोविडनंतर, तर रेटून नेऊ नका. तिथे जिद्दीने नुकसानच होतं.

छातीत दुखणं, लय चुकल्यासारखी धडधड, श्रमाच्या मानाने फार दम, चक्कर येऊन पडणं यांत ‘उद्या बघू’ नको. त्याच दिवशी डॉक्टरांकडे. लघवी कोलासारखी काळपट झाली तर स्नायू फुटून त्यांतले घटक मूत्रपिंडात जातायत अशी शक्यता असते. विषाणूजन्य आजारात केलेल्या जोराच्या व्यायामाने हे होऊ शकतं आणि रुग्णालय गाठावं लागतं. ग्लँड्युलर फीव्हरमध्ये, म्हणजे मानेतल्या गाठी सुजवणाऱ्या विषाणूजन्य तापात, प्लीहा सुजते, म्हणून बरं वाटलं तरी निदान तीन-चार आठवडे जड वजन आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद.

शेवटी खोकल्याचं बोलतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. सर्दी गेल्यावर कोरडा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. ताप नाही, कफ नाही, दम लागत नाही, तर त्यासाठी जिम बंद ठेवायची गरज नाही. पण बेंच प्रेसच्या मधल्या रेपला उबळ आली तर बार छातीवर येतो, आणि पाठीवर स्क्वॉटचा बार असताना आली तर कंबर सैल पडते. तेवढे दिवस बेंचऐवजी मशीनवर प्रेस करा, स्क्वॉटऐवजी लेग प्रेस. बारच हवा असेल तर रॅकच्या सेफ्टी पिना योग्य उंचीवर लावा, आणि बारच्या टोकांचे क्लिप कसण्याआधी एकदा मोकळेपणाने खोकून घ्या.