आडवं पाणी

नमस्कार श्रोतेहो. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीनं गेला असाल, तर तुम्ही एक पाहिलं असेल. पलीकडचा धक्का समोर दिसतो, पण बोटीचं नाक काही त्याच्याकडे नसतं. ओहोटीचा जोर असला की ते जुन्या गोव्याच्या बाजूला वळलेलं, भरती असली की पणजीकडे. आणि तशी तिरकी तिरकी सरकत बोट बरोबर धक्क्याला टेकते. मांडवी तिला आडवी येते ना, त्याचा हा हिशेब. अशा आडव्या पाण्याला इंग्रजीत शब्द आहे, क्रॉसकरंट.

मराठी करताना आपण 'विरुद्ध प्रवाह' लिहून मोकळे होतो. मला ते पटत नाही. क्रॉस म्हणजे आडवं छेदून जाणारं. नेमका उलट दिशेनं वाहतो तो काउंटरकरंट, आणि त्याचा नमुना आपल्या बाजाराच्या पिशवीतच असतो. बांगडा ताजा आहे का, हे बघायला आपण कल्ला उचलतो. मासा जिवंत असताना त्या लालभडक पदरांवरून पाणी एका दिशेनं जातं आणि आतलं रक्त उलट दिशेनं. त्यामुळे रक्ताला शेवटपर्यंत आपल्यापेक्षा जास्त प्राणवायू असलेलंच पाणी भेटत राहतं. पाण्यात प्राणवायू तो केवढासा, पण मासा त्यातला बहुतेक ओढून घेतो.

अंडरकरंट तर निवडणूक आली की सगळ्यांनाच दिसू लागतो. पृष्ठभागाखालचा असल्यामुळे खोटं पाडणार कोण!

माणसांबद्दल बोलताना मात्र बहुधा अनेकवचन येतं, क्रॉसकरंट्स. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल आठवा. निशाण्या दोनच, महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश राहायचं तर दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. वरवर पाहता समोरासमोरची टक्कर. पण विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणारं 'राष्ट्रमत' हे दैनिक निघत होतं मराठीत! भाषेचा ओढा एकीकडे, जमिनीचा दुसरीकडे, जातीधर्माचा तिसरीकडे. याला 'विरुद्ध प्रवाह' म्हटलं की दोनच बाजू उरतात आणि 'राष्ट्रमत'ला बसवायला जागा सापडत नाही.

मी स्वतः 'आडप्रवाह' लिहून पाहिलं. फार पुस्तकी वाटलं, खोडून टाकलं. हल्ली सरळ 'आडवं पाणी' लिहितो.